जुनी फोक्सवॅगन व्हॅन बसकी करताना

फोक्सवॅगनच्या ‘टाइप टू’ व्हॅनची जमिनीपासूनची उंची तिच्या कामातून ठरलेली होती. नेदरलँड्समधले मोटारींचे आयातदार बेन पॉन यांनी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात बीटल मोटारीच्या सांगाड्यावर जुळवलेला एक मालवाहू गाडा पाहिला आणि त्यावरून २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एका डबेवजा वाहनाचे रेखाटन केले. ८ मार्च १९५० रोजी त्या वाहनाचे नियमित उत्पादन सुरू झाले. मागे २५ अश्वशक्तीचे छोटे इंजिन, पुढच्या चाकांच्या वर चालक आणि दोहोंच्या मध्ये सुमारे पाऊण टन माल, अशी तिची मांडणी होती. युद्धानंतरच्या उखडलेल्या रस्त्यांवरून हा माल न्यायचा, तर पोट जमिनीपासून वर हवे आणि चाकांना वर-खाली व्हायला भरपूर जागा हवी.

माल वाहणारी ही व्हॅन पुढे भटक्यांची, सर्फिंग करणाऱ्यांची आणि शेवटी हौशी संग्राहकांची झाली. बीटलचे नाक खाली करण्याची कॅलिफोर्नियातली रीत व्हॅनलाही लागली. आज युरोप-अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत मूळ उंचीच्या व्हॅनबरोबर बसक्या केलेल्या व्हॅनही दिसतात. त्यासाठी लागणारे सुटे भाग मूळ कंपनी बनवत नाही. स्वतंत्र कारखाने आणि लहान वर्कशॉप ते बनवून विकतात. त्यांतले काही मूळ भागांच्या तोडीचे असतात, काहींच्या भरवशावर दीड-दोन टनांची गाडी सोडणे धोक्याचे असते. धोका नेमका कुठे असतो हे समजण्यासाठी आधी मूळ रचना पाहावी लागते.

या व्हॅनला आपल्याकडच्या ट्रकसारखे पाटे नसतात आणि गुंडाळ्याची स्प्रिंगही नसते. फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने १९३१ साली पेटंट घेतलेली टॉर्शन बारची पद्धत तिच्यात वापरली आहे. ओला कपडा पिळून सोडला की तो उलगडू पाहतो, तशी पोलादी सळई एका टोकाला घट्ट धरून दुसऱ्या टोकाने पिळली की ती परत सरळ व्हायला बघते. हा उलटा जोर हीच इथली स्प्रिंग. पुढच्या बाजूला गाडीच्या रुंदीभर एकावर एक दोन पोकळ नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत पोलादी पट्ट्यांची एक जुडी असते. जुडी मधोमध खिळवलेली असते. तिच्या दोन्ही टोकांना मागे वळलेले हात जोडलेले असतात आणि त्या हातांवर चाके असतात. मागे प्रत्येक चाकाला एक गोल भरीव सळई असते. तिची दोन्ही टोके दातेरी असतात.

व्हॅनच्या पहिल्या दोन पिढ्या या रचनेवरच उभ्या आहेत. पण दोघींत महत्त्वाचा फरक आहे. दुभागलेल्या काचेची पहिली व्हॅन जर्मनीत १९६७ पर्यंत बनली. तिचे पुढचे चाक किंग पिन आणि लिंक पिन यांवर फिरते आणि मागे झुलता अॅक्सल असतो. १९६७ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या, एकसंध रुंद काचेच्या दुसऱ्या पिढीत पुढे बॉल जॉइंट आले आणि मागे प्रत्येक अर्ध्या अॅक्सलला दोन-दोन सांधे मिळाले. ब्राझीलमध्ये ही दुसरी पिढी थेट २०१३ च्या अखेरीपर्यंत बनत होती. एअरबॅग आणि अँटिलॉक ब्रेक सक्तीचे झाले तेव्हाच ती थांबली. १९७९ नंतरच्या तिसऱ्या पिढीत गुंडाळ्याच्या स्प्रिंग आल्या, त्यामुळे तिचे प्रश्न निराळे आहेत.

गाडी खाली आणण्याचे मार्ग अनेक आहेत आणि ते सारखे सुरक्षित नाहीत. त्यांची प्रतवारी लावण्याची कसोटी तशी साधी आहे: गाडी खाली आल्यावर चाकाला वर जायला किती जागा उरली? बहुतेक चर्चा किती इंच खाली आणली याभोवती फिरते आणि हा प्रश्न मागे पडतो. वर जायची जागा संपली की चाक रबरी थोपावर आदळते. थोप नसेल तर शॉक अब्सॉर्बरच तळाला टेकतो आणि जे वजन स्प्रिंगने पेलायचे ते त्याच्या दांड्यावर व टेकूवर येते. शॉक अब्सॉर्बरचे काम हालचाल आवरण्याचे. गाडी उचलून धरायला तो बनवलेलाच नसतो. मग एखाद्या दिवशी टेकू वाकतो, बोल्ट तुटतो किंवा शॉक गळू लागतो, आणि दोष शॉकच्या कंपनीला दिला जातो. कोपऱ्यावर वळताना हे आदळणे झाले तर परिणाम आणखी वाईट. स्प्रिंग एकाएकी दगडासारखी कडक होते, त्या चाकावरचा भार उसळतो आणि टायर रस्त्यावरची पकड सोडू शकतो.

या कसोटीवर सर्वांत खालचा नंबर पट्ट्या काढून टाकण्याच्या जुन्या युक्तीचा. पुढच्या जुडीतल्या काही पट्ट्या काढल्या किंवा मधून कापल्या की स्प्रिंग मऊ होते आणि गाडी आपोआप खाली बसते. पैसा लागत नाही, म्हणून ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण तिच्यात दुहेरी तोटा आहे. वर जायची जागा कमी झाली आणि ती जागा राखणारी स्प्रिंगही दुबळी झाली. उरलेल्या पट्ट्यांवर ताण वाढतो तो वेगळाच. ही पद्धत सरळ बाद धरावी.

दुसरी पद्धत अॅडजस्टरची. जुडी जिथे मधोमध खिळवलेली असते, तिथे नळीचा तुकडा कापून फिरवता येणारी एक कडी झाळून बसवतात. कडी फिरवली की जुडीचा मधला भाग फिरतो, दोन्ही हात वर जातात आणि गाडी खाली येते; बोल्ट आवळला की उंची कायम. स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, ही यातली चांगली बाजू. वर जायची जागा मात्र जितकी उंची घटवावी तितकी घटतेच. शिवाय गाडीच्या पुढच्या भागाचा सगळा पीळ आता त्या झाळकामावर आणि बोल्टवर येतो. झाळ वरवर सुबक दिसली तरी धातू आत खोलवर वितळून एकजीव झालेला नसेल, तर तडा आतून सुरू होतो. कडी निसटली तर पुढची बाजू क्षणात खाली बसते. झाळण्याच्या उष्णतेने नळी किंचित वाकते, हा आणखी एक प्रश्न. नळीच्या टोकांना असलेली सुईची बेअरिंग मग एका रेषेत राहत नाहीत, हात अडखळत फिरतात आणि वर्ष-दोन वर्षांत घासून ढिले होतात. म्हणून चांगली वर्कशॉप नळी साच्यात घट्ट आवळून, थोडी थोडी, आलटूनपालटून झाळतात आणि शेवटी सरळपणा मोजतात. विकत घेणाऱ्याने साच्याबद्दल विचारावे. विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही, तर तेही उत्तरच आहे.

चाके मडगार्डच्या आत बसावीत म्हणून काही जण संपूर्ण नळ्याच अरुंद करून घेतात. इथे नळ्या कापायच्या, पट्ट्या आखूड करायच्या, त्यांना धरून ठेवणाऱ्या खळग्या नव्याने पाडायच्या आणि चाके वळवणारे टाय रॉडही आखूड करायचे. टाय रॉड कापून मध्ये झाळण्याचे प्रकार घडतात. तसे केलेले टाय रॉड कोणत्याही किमतीला घेऊ नयेत. हा दांडा तुटला तर चालकाच्या हातातले चक्र एका चाकाला लागूच होत नाही.

तिसरी आणि या कसोटीवर सर्वांत उजवी पद्धत म्हणजे उंचावलेल्या स्टब अॅक्सलचे स्पिंडल. ज्या खुंटीवर चाकाचे बेअरिंग बसते ती खुंटी अशा स्पिंडलमध्ये मूळ जागेपेक्षा काही सेंटिमीटर वर असते. साहजिकच गाडी तितकी खाली येते. पण हात, जुडी, थोप आणि शॉक सगळे मूळ जागी राहतात. वर जायची जागा जवळपास पूर्ण शिल्लक राहते आणि टाय रॉडचा कोनही बिघडत नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा मात्र कमी होते, ती वेगळी तपासावी लागते. रिमच्या आतल्या बाजूला टाय रॉडचे टोक घासते का, तेही पाहावे लागते.

पण इथे सगळा भरवसा त्या एका तुकड्यावर असतो. मूळ स्पिंडल घडाई केलेल्या पोलादाचे असते. तापलेला धातू साच्यात दाबून घडवल्यामुळे त्याचे कण आकाराच्या ओघाने वळतात आणि तुकडा वारंवारच्या ताणाला टिकतो. बाजारात घडाईचे स्पिंडल मिळतात, ओतीव मिळतात आणि मूळ स्पिंडलची खुंटी काढून वरच्या जागी झाळलेलेही मिळतात. ओतीव तुकडा चांगल्या प्रतीचा आणि नीट तपासलेला असेल तर चालू शकतो. झाळलेल्या तुकड्याबद्दल जास्त काळजी हवी. असल्या पोलादात कार्बन बऱ्यापैकी असतो. झाळून लवकर थंड झाले की झाळीच्या कडेचा पट्टा कडक आणि ठिसूळ बनतो आणि तिथेच केसाएवढी भेग पडते. आधी तापवणे, हळू थंड करणे आणि नंतर चुंबकीय कणांनी किंवा क्ष-किरणांनी तपासणे ही पथ्ये पाळली तरच त्यावर विसंबता येते. वरून काळा चकचकीत रंग दिलेल्या तुकड्यावरून यातले काहीच कळत नाही.

दुसऱ्या पिढीच्या व्हॅनमध्ये बॉल जॉइंटचा प्रश्न वाढतो. गोळा आपल्या वाटीत ठरावीक कोनापर्यंतच झुकू शकतो. अॅडजस्टरने गाडी फार खाली आणली की हात कायम वरच्या कोनात राहतात आणि गोळा वाटीच्या काठाजवळ काम करू लागतो. खड्डा लागला की तो काठावर आदळतो, वाटी फाकते, रबरी टोपी फाटते, पाणी आणि धूळ आत जाते. किंग पिन आणि लिंक पिनच्या पहिल्या पिढीत ही मर्यादा कमी जाचते; मात्र त्या पिनांना नेमाने ग्रीस लागते आणि बसक्या गाडीखाली ग्रीसगन घेऊन शिरणे अवघड, म्हणून ते काम टळत जाते.

मागच्या बाजूचे काम सुट्या भागांशिवायही होते. सळईच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांवरच्या दात्यांची संख्या मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. बीटलमध्ये आत ४० आणि बाहेर ४४ दाते असतात. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक दाता म्हणजे सुमारे ८ अंश १० मिनिटे. एक पुढे आणि एक मागे सरकवला की फरक राहतो अवघा ५० मिनिटांचा. व्हॅनच्या सळयाही याच तत्त्वावर आहेत. एवढ्या बारीक जुळणीसाठी केलेली ही सोय आता गाडी काही सेंटिमीटर खाली आणायला वापरली जाते. कोनमापक घेऊन दोन्ही बाजू मोजल्या नाहीत, तर गाडी एका कुशीवर झुकलेली राहते आणि ब्रेक मारताना डाव्या-उजव्या चाकांवर भार सारखा येत नाही. हे काम करणाऱ्यासाठीही धोक्याचे असते. पट्टीवजा हात आपल्या थोपावरून सुटतो तेव्हा सळईत साठलेला पीळ एका झटक्यात मोकळा होतो. त्याखाली जॅक न लावता, नुसत्या पहारीने तो उचकटणाऱ्यांची बोटे गेली आहेत.

पहिल्या पिढीच्या मागच्या चाकांशी एक-एक छोटी गिअरपेटी असते. तिच्यामुळे अॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि छोट्या इंजिनाला चढावर जोर मिळतो. या पेट्या काढून सरळ अॅक्सल बसवले की मागचा भाग एकदम खाली येतो. पण पेटीतल्या गिअरमुळे फिरण्याची दिशा उलटत असते. मुख्य गिअरबॉक्सच्या आत डिफरन्शियलचे मोठे चक्र दुसऱ्या बाजूला फिरवून बसवले नाही, तर गाडीला चार रिव्हर्स आणि एकच पुढचा गिअर मिळतो. यातला विनोद वर्कशॉपमध्येच संपतो. त्याहून गंभीर असते ते ब्रेकचे जुळवलेले भाग, अॅक्सलची लांबी आणि चाकाची बेअरिंग यांचा मेळ. तो वेगवेगळ्या गाड्यांतल्या तुकड्यांतून जमवावा लागतो.

झुलत्या अॅक्सलची गाडी खाली आली की मागची चाके वरच्या बाजूने आत कलतात. याला एक चांगली बाजू आहे: मूळ उंचीच्या गाडीत जोरात वळताना बाहेरचे मागचे चाक पोटाखाली दुमडू शकते, तो धोका कमी होतो. गाडीचा भारमध्यही खाली येतो. म्हणजे माफक बसकी केलेली व्हॅन वळणावर मूळ व्हॅनपेक्षा स्थिर असू शकते, हे टीकाकारांनीही मान्य करायला हवे. किंमत टायर मोजतो. त्याची आतली कड भराभर झिजते आणि बाहेरून पाहणाऱ्याला नक्षी शाबूत दिसते. आतल्या कडेला धागे उघडे पडलेले टायर घेऊन महामार्गावर जाणाऱ्या गाड्या कमी नाहीत. दुसऱ्या पिढीत चाकांचा कल कमी असतो, पण गाडी फार खाली आली की अॅक्सलचे दांडे सांगाड्याच्या आडव्यातिडव्या भागांना टेकू लागतात. मग सांगाड्यालाच खाच पाडतात. जितके लोखंड कापले त्याहून जाड लोखंडाने ती खाच आतून बंदिस्त केली तरच हे चालते. गंजलेल्या पत्र्यावर झाळलेली पट्टी बंदिस्तपणाचा फक्त भास देते.

पुढची चाके हातांवरून सरळ वर-खाली होतात आणि टाय रॉड मात्र कमानीत फिरतो. टाय रॉड आडवा असेल तर कमानीचा परिणाम नगण्य. अॅडजस्टरने गाडी खाली आणली की टाय रॉडचे बाहेरचे टोक वर चढते आणि प्रत्येक उंचवट्यावर चाक थोडे थोडे वळते. चालकाने चक्र न हलवताही गाडी इकडेतिकडे सरकते. नाक मागच्या भागापेक्षा जास्त खाली असेल तर किंग पिनचा मागचा कल कमी होतो आणि वळण घेतल्यावर चक्र आपणहून सरळ येण्याची ओढ मंदावते. बाजूने वारा आला की उंच, सपाट कुशीची ही व्हॅन मुळातच हलते. त्यात ही भर. म्हणून उंची बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट नव्याने करून घ्यावीच लागते, जुने आकडे उपयोगाचे नसतात.

टायरच्या बाबतीत सर्वांत जास्त ढिलाई होते. मूळ टायर मालवाहू वर्गाचे, जाड बाजूंचे होते. बसकी व्हॅन छान दिसावी म्हणून मोटारीचे पातळ टायर घालतात. टायरच्या बाजूवर भारक्षमतेचा अंक असतो. तो गाडीच्या पूर्ण भरलेल्या वजनाशी ताडून पाहावा. आत लाकडी कपाटे, पलंग, पाण्याची टाकी आणि चार माणसे असलेली कॅम्पर व्हॅन रिकाम्या व्हॅनपेक्षा कितीतरी जड असते. १९७० च्या ऑगस्टपर्यंतच्या व्हॅनचे पाच बोल्ट २०५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात असतात, त्यानंतरच्यांचे ११२ मिलिमीटरच्या. पोर्शेची चाके १३० मिलिमीटरची, म्हणून मध्ये अॅडॉप्टरची चकती लागते. चकतीने चाक बाहेर सरकते, बेअरिंगवर तरफेचा जोर वाढतो आणि बोल्टची दुप्पट संख्या सांभाळावी लागते. हबच्या मधल्या उंचवट्यावर चपखल न बसणारी चकती सगळा भार नुसत्या बोल्टवर टाकते.

हवेच्या फुग्यांची रचना अलीकडे लोकप्रिय आहे: मेळाव्यात गाडी जमिनीला टेकवायची, रस्त्यावर वर उचलायची. नीट बसवलेली ही रचना वाईट नाही. पण टॉर्शन बार पूर्ण काढून सगळा भार फुग्यांवर दिला, तर एक नळी फाटली की गाडी तळावर बसते. फुग्यांना घासणारे टायर, एक्झॉस्टजवळून नेलेल्या नळ्या आणि प्रत्येक चाकाची हवा वेगळी रोखणारी झडप नसणे हे इथले नेहमीचे दोष. हवेचे शॉक घालून गाडी उचलणे तर शॉकच्या टेकूंवर पुन्हा तेच नको असलेले वजन टाकते.

कायद्याची दृष्टी देशागणिक बदलते. जर्मनीत अशा भागासोबत तपासणीसंस्थेचा दाखला असावा लागतो. धोका निर्माण करू शकणारा बदल नोंदवून न घेतल्यास गाडीचा परवानाच संपतो. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. सस्पेन्शनची जात किंवा पद्धतच बदलली असेल तर ती सूट जाते. त्याच पद्धतीत राहून गाडी खाली आणणाऱ्यांची मात्र बऱ्याचदा सुटका होते, आणि तपासणीची गरज तर त्यांनाच असते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. २०२१ च्या नियमांनुसार ‘विंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. सांगाडा कापलेली व्हॅन त्यात बसत नाही.

दाखला हातात नसेल तेव्हा काही गोष्टी डोळ्यांनीही पाहता येतात. बोल्टच्या डोक्यावरचा ८.८, १०.९ असा अंक त्याची ताकद सांगतो, ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनला तुटणारे आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांवर कायमचे ताणले जाणारे पोलाद. सस्पेन्शनच्या संचातल्या बोल्टवर अंकच नसेल तर तो बोल्ट बदलावा. नटाला खिळपिन किंवा नायलॉनची कडी हवी. कठीण पॉलियुरेथेनचे बुश फक्त एका दिशेने फिरणाऱ्या सांध्याला शोभतात. दोन दिशांना झुकणाऱ्या सांध्यात घातले तर ताण बुशऐवजी कंसावर जातो आणि कंसाला तडा पडतो. सगळे जोडून झाल्यावर गाडी उचलून प्रत्येक चाक पूर्ण वर, पूर्ण खाली आणि चक्र दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावे. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, टायर किंवा रिमला लागत नाही ना, हे या सगळ्या स्थितींत तपासावे लागते, कारण गाडी जमिनीवर उभी असताना ती नळी बहुधा ठीकच दिसते. पहिल्या काही प्रवासांनंतर अॅडजस्टरचे, स्पिंडलचे आणि चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळावे लागतात आणि झाळीवरचा रंग चिरलेला दिसला तर तो खरवडून खालचा धातू पाहावा लागतो.